टाचणी लावून उठायचं

भिंगरीराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण वीज कंपनीच्या कचेरीत पगाराच्या पावतीखेरीज त्यांना दुसऱ्या कुठल्या नावानं कुणी ओळखत नसे. उभी हयात त्यांनी मीटर वाचण्यात घालवली. खांद्याला पिशवी, हातात बॅटरी, आणि दारोदार. जिना चढायचा, दार ठोठावायचं, "मीटर!" अशी हाक द्यायची, दार उघडलं की आत शिरायचं, आकडा टिपायचा आणि कुणी "बसा ना" म्हणायच्या आत पुढच्या दारावर हजर व्हायचं. कुणाकडे मीटर चपलांच्या कपाटामागे आहे, कुणाकडे न्हाणीच्या दारावर, कुणाकडचा कुत्रा अंगावर येतो आणि कुणाकडची सासू, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. स्वतःच्या घरात साखर कुठल्या डब्यात असते हे मात्र विचारावं लागे.

मग कंपनीनं आपला आकडा आपणच कळवणारे मीटर बसवले. साहेबांनी ही बातमी फार हळुवारपणे दिली, आणि निरोपाच्या वेळी भिंगरीरावांना एक नवी कोरी बॅटरी भेट दिली. अंधारातले आकडे वाचायला ती उत्तम होती.

त्याच सुमाराला डाव्या तळव्यानंही मान टाकली. इतकी वर्षं दगडी जिने तुडवले, त्याची वसुली पायानं एकदम सुरू केली. डॉक्टर म्हणाले, चालणं कमी करा, पाय वर घेऊन बसा. भिंगरीरावांनी विचारलं, "किती वेळ?" डॉक्टरांना वाटलं, रोजचं विचारतायत. भिंगरीराव एकूण विचारत होते.

घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत खिडकीशी बायकोचं शिलाई मशीन. ती कपडे अल्टर करून द्यायची: पँटची लांबी, कोटाच्या बाह्या, तुटलेल्या चेनी, वजन वाढलं हे मान्य नसलेल्यांच्या कमरा. लग्न झाल्यापासून ती त्या खुर्चीत बसत आली होती, आणि दिवसभर त्या खोलीत ती, मशीन आणि समोरच्या इमारतीची पिवळी भिंत एवढ्यांचंच राज्य होतं. त्या राज्यात आता भिंगरीराव राहायला आले.

ते नुसते राहिले असते तर गोष्ट वेगळी. पण ते दर थोड्या वेळानं उठत. खाली जाऊन जिन्याखालचे मीटर बघून येत, आणि वर येऊन सांगत की तिसऱ्या मजल्यावरच्यांचा फ्रिज जुना झालाय. बायकोच्या रिळांची पेटी त्यांनी एकदा रंगाप्रमाणे लावली आणि दुसऱ्या दिवशी जाडीप्रमाणे. बसले तरी गुडघा हलत राही, बोटं खुर्चीच्या हातावर वाजत, आणि जिन्यात पाऊल वाजलं की कान टवकारले जात.

"कोण असेल गं?"

"कुणीतरी जिना चढतंय."

"आपल्याकडे येतंय का?"

"अहो, आलं तर दार वाजवेल ना!"

बायको चिडकी नव्हती. तिची रीत अशी, की राग आला की मशीनचा वेग वाढायचा. त्या दिवसांत मशीन नुसतं धावत होतं.

शेवटी प्रकरण एका कोटावर आलं. चौकातल्या दातांच्या डॉक्टरांचा तो कोट. बायकोनं बाही मापून खडूची रेघ मारली, कात्री लावली, आणि नेमक्या त्या क्षणी भिंगरीरावांनी तिच्या खांद्यावरून वाकून विचारलं, "हा दिवा तू दिवसाही चालूच ठेवतेस का?"

कात्री रेघेच्या वर गेली. उजवी बाही चांगली दोन बोटं आखूड झाली.

तिनं कात्री पुन्हा उचलली. डावी बाही कापून उजवीशी जुळवली, दोन्हींना अस्तर लावलं, आणि दोन दिवसांनी कोट डॉक्टरांच्या हवाली केला. डॉक्टर खूश झाले, कारण आता त्यांचं मनगटावरचं घड्याळ सगळ्यांना दिसणार होतं. पण ते गेल्यावर तिनं मशीनवर कापड घातलं आणि खिडकीबाहेरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "घड्याळवाला जागा सोडतोय."

"कुठला घड्याळवाला?"

"पलीकडच्या गल्लीतला. काचेच्या दाराचं दुकान. थंडी संपली की मुलाकडे जाणारेय म्हणे. मालकाला मी विचारून ठेवलंय."

"आपल्याला काय करायचंय घड्याळाच्या दुकानात?"

"मशीन हलवायचंय," ती म्हणाली. "अजून हो म्हटलेलं नाही."

भिंगरीरावांचा गुडघा हलायचा थांबला. मशीन म्हणजे काही नुसतं यंत्र नव्हे; मशीन जिथं, तिथं ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. त्यांनी खोलीकडे नजर फिरवली आणि मनातल्या मनात खिडकीजवळची ती जागा रिकामी करून पाहिली. आयुष्यात हजारो रिकामी घरं त्यांनी आतून पाहिली होती. मीटरचं चाक थांबलेलं असतं, आणि आपलीच हाक आपल्याला ऐकू येते. त्या घरांत ते कधी दोन मिनिटं थांबले नव्हते.

"अजून हो म्हटलेलं नाही" एवढ्या चार शब्दांना धरून ते त्या दिवसापासून लोंबकळत राहिले. थंडी संपायच्या आत आपण एका जागी बसणारा माणूस आहोत हे सिद्ध करायचं. कसं, ते माहीत नव्हतं.

ते आक्कांनी सांगितलं. आक्का म्हणजे बायकोची थोरली बहीण, ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या. मोठमोठ्या सर्जनांना "हात पुढे करा" म्हणायची सवय लागलेली असल्यानं त्यांना विनंतीचा सूर असा ठाऊकच नव्हता. एके दुपारी त्या एक गोल, दगडासारखी टणक उशी काखोटीला मारून आल्या आणि ती त्यांनी भिंगरीरावांच्या मांडीवर आदळली.

"भाऊजी, लेस करायची."

"कुणी?"

"या खोलीत रिकामं आणखी कोण बसलंय?"

निवृत्त झाल्यापासून आक्कांना बॉबिन लेसचा नाद होता. म्हणजे सुई नाही, आकडी नाही. नुसत्या लाकडी दांड्यांवर दोरा गुंडाळायचा आणि त्या दांड्या एकमेकींवरून टाकत जाळी विणायची. उशीत पेंढा ठासून भरलेला, त्याच्यावर जाड कार्ड, कार्डावर टोचलेली भोकं. त्या भोकांत टाचण्या लागत जातात आणि टाचण्यांच्या आधारानं दोरे आपापली जागा धरतात. बायकोच्या मशीनमध्ये बॉबिन एकच. इथं उशीवर दांड्यांच्या पंचायतीचं अधिवेशन भरल्यासारखं दिसत होतं.

"चाली दोनच," आक्का म्हणाल्या. "दोन जोड्या घ्या, म्हणजे चार दांड्या. मधल्या दोघींत डावी उजवीवरून टाका. ही ओलांडणी. आता दोन्ही जोड्यांत उजवी डावीवरून टाका. हा पीळ. ओलांडणी, पीळ, ओलांडणी, टाचणी. झालं."

"एवढंच?"

"एवढंच. बाकी सगळं आयुष्यभर चुकण्यासाठी आहे."

मग बारीकसारीक सूचनांचा मारा सुरू झाला. दोरा सगळ्या दांड्यांवर एकाच बाजूनं गुंडाळायचा, आणि मानेशी एक फास टाकायचा. मग दांडी लोंबली तरी दोरा आपोआप सुटत नाही, आणि हवा तेव्हा दांडी तिरकी करून फिरवली की सुटतो. दांड्यांकडे बघायचं नाही, दोऱ्यांकडे बघायचं. कडेच्या टाचण्या बाहेरच्या अंगाला थोड्या कललेल्या हव्यात, नाहीतर दोरा त्यांना आत ओढतो. टाचणी लावली की दोरे हलके ताणून घ्यायचे. मागच्या टाचण्या काढायची घाई नको. टाचण्यांत उभी असते तेव्हा कुठलीही लेस छानच दिसते.

"आणि शेवटचं. उठायचं असेल तर ओळ पुरी करून, टाचणी लावून उठायचं. ओळीच्या मध्यात दांड्या टाकून गेलात तर परत आल्यावर तुमचं तुम्हालाच कळणार नाही की कोण कुणाला ओलांडून गेलं होतं."

"पण समजा दार वाजलं तर?"

"दाराला थांबू द्या."

भिंगरीरावांनी बायकोकडे पाहिलं. ती झिप उसवत होती, पण तिचे खांदे हसत होते.

सुरुवातीचे दिवस फार वाईट गेले. दांड्या घरंगळत, दोरे एकमेकांच्या गळ्यात पडत, टाचणी बोटात जाई. भिंगरीराव उठत, उठताना टाचणी लावायची राहिली हे आठवून परत बसत, ओळ पुरी करून टाचणी लावत, आणि तोवर कशासाठी उठत होतो हे विसरून जात. ही युक्ती आक्कांनी जाणूनबुजून केली होती की काय, असा संशय त्यांना आला. ऑपरेशन थिएटरमध्ये माणसाला शुद्धीवर ठेवून गप्प करायची कला त्या शिकलेल्या असणारच.

हळूहळू मात्र त्यांना गोडी लागली, आणि तीही त्यांच्या पद्धतीनं. पट्टी साधी होती. मधे उभ्या जोड्या, दोन्ही कडांना एकेक कडेची जोडी, आणि एक फिरती जोडी. फिरती जोडी एका कडेपासून निघते, सगळ्या उभ्या जोड्यांना एकेक करून भेटत पलीकडच्या कडेला जाते, तिथं टाचणी लागते, की परतीची ओळ सुरू. या फिरत्या जोडीवर भिंगरीराव बेहद्द खूश झाले. उभ्या जोड्या म्हणजे नुसती दारं. ही आपली दारावरून दारावर. ते मनातल्या मनात तिच्यासाठी हाकही देत. मीटर! ओलांडणी, पीळ, ओलांडणी. मीटर! ओलांडणी, पीळ, ओलांडणी. दांड्यांचा खडखडाट आणि मशीनची घरघर अशा दोन आवाजांनी खोली भरून जाऊ लागली.

"आज तुम्ही एकदाही खाली गेला नाहीत," एकदा बायको म्हणाली.

"कुठं जायचंय?" ते म्हणाले, आणि दोन्ही हात दांड्यांत असल्यामुळे त्यांना आपली मिशी पिळता आली नाही. तिच्या हे लक्षात आलं ना, एवढं त्यांनी तिरक्या नजरेनं पाहून घेतलं. रात्रीचं जेवण झाल्यावर मात्र ते हमखास विचारत, "घड्याळवाल्याचं काय म्हणे?" ती म्हणे, "आहे अजून." मग त्यांना झोप येई.

पट्टी हातभर लांब झाली तेव्हा घात झाला. फिरत्या जोडीचा दोरा संपला. तोही कडेला नाही, ऐन ओळीच्या मध्यात. दांडी उघडीबोडकी होऊन हातात आली आणि भिंगरीराव तिच्याकडे, स्टेशन यायच्या आत गाडीतून उतरवल्यासारखे बघत राहिले. बाकीच्या दांड्यांवर दोरा भरपूर होता. कडेच्या दोन्ही जोड्यांना तर जवळजवळ हातही लागला नव्हता.

आक्कांना बोलावणं गेलं. त्यांनी चष्मा चढवला, पट्टीवर नाक टेकवलं, आणि डोकं वर न काढता म्हणाल्या, "किती दिवस पळवताय हिला?"

"कुणाला?"

"या जोडीला. कडेला गेली की काय करता?"

"परत फिरवतो."

"हिलाच?"

"मग? फिरती जोडी ना ती?"

आक्कांनी चष्मा काढला. "भाऊजी, मी तुम्हाला दाखवलं होतं. फिरती जोडी कडेला पोचली, की कडेच्या जोडीशी तिचा टाका होतो, टाचणी लागते, आणि दोघींची जागा बदलते. आलेली तिथं कडेला थांबते. आणि थांबलेली असते ती निघते. तुम्ही कडेच्या जोडीला नुसती कुंपणाला बांधून ठेवलीय. म्हणून बघा, कडेला दोऱ्याचे हे कान लोंबतायत. म्हणून हिचा दोरा संपला. एकटी किती पुरणार?"

"मला वाटलं, जिला फिरायची सवय आहे तिनंच..."

"तिला सवय लागायला, काल-परवा तर गुंडाळलीय."

मशीन थांबलं होतं. बायको सुईत दोरा ओवत होती की ओवण्याचा बहाणा करत होती, हे भिंगरीरावांना कळलं नाही. "आक्का," ती म्हणाली, "मग आता?"

"आता उसवायचं. आलो त्या वाटेनं परत. ओलांडणी उलटी, पीळ उलटा, टाचणी काढा. जरा जपून. सरळ विणताना चूक झाली तर निदान लेस तरी होते. उसवताना चुकलं तर नुसती जट."

"सगळं?"

"सगळं. मध्येच दोरा सांधला तर गाठ दिसेल, आणि कड मुळापासून चुकलीय. एक बरं आहे, उसवताना दोरा परत मिळतो."

भिंगरीरावांना परतीच्या वाटेचा सराव नव्हता. मीटरच्या कामात माणूस गेलेल्या दारी पुन्हा त्याच दिवशी जात नाही. त्यांनी उलट्या चाली सुरू केल्या तेव्हा प्रत्येक ओळीत त्यांचा जीव टांगणीला लागला, कारण बाहेर ऊन वाढत चाललं होतं. बायकोनं एका सकाळी मफलर धुवून कपाटात ठेवला, तो त्यांना न्यायालयाच्या समन्ससारखा दिसला.

उसवून झालं. पुन्हा पहिल्या टाचणीपासून सुरुवात. कडेशी आलं की त्यांचा हात अडखळायचा. आलेल्या जोडीला तिथं सोडून जायचं म्हणजे कुणाला भर रस्त्यात उतरवून पुढे गेल्यासारखं वाटायचं. पण जागा बदलली, दोरे ताणले, की कड अशी पट्टीनं आखल्यासारखी यायची की त्यांना नाइलाजानं कबूल करावं लागे. सगळ्यांचा दोरा सारखा संपत होता. पट्टी पुन्हा हातभर झाली, मग त्याच्याही पुढे गेली, कार्ड संपलं. आक्कांनी सांगितल्याप्रमाणे त्यांनी टाचण्या काढून लेस वर सरकवली, कार्डाच्या सुरुवातीच्या भोकांत पुन्हा टाचली, आणि हे सगळं करताना एकदाही उठले नाहीत. मशीनला पाठमोरे बसले असले तरी हे बायकोनं पाहिलं याची त्यांना खात्री होती.

म्हणून घड्याळवाल्याच्या जागेचा निरोप आला त्या दिवशी ते फारसे घाबरले नाहीत. जिन्यात पावलं वाजली, दार वाजलं, आणि जागेचे मालक म्हणाले, "वहिनी, खोली रिकामी झाली. काय ते सांगा."

"सांगते," बायको म्हणाली. मालक गेले. ती मशीनशी परत आली नाही. दाराशीच उभी राहिली.

भिंगरीराव ओळीच्या मध्यात होते. मान वर न करता त्यांनी पुढचा टाका घेतला. आता हिनं बघावं. माणूस किती स्थिर बसलाय.

"मी हो म्हणणार आहे," ती म्हणाली.

दांड्या थांबल्या.

"अगं, पण मी आता... मी बसतो की आता! दिव्याबद्दल मी शेवटचं कधी बोललो? तुझ्या रिळांना हात तरी लावला का?"

"नाही लावलात. छान बसता. माझ्यापेक्षा छान."

"मग?"

"तुम्हाला काय वाटलं, मी तुमच्यामुळे चाललेय?"

"कोटाची बाही..."

"कोटाच्या बाहीमुळे मी मालकाला विचारलं, एवढं खरं." ती खिडकीकडे गेली आणि काचेवर बोट टेकवलं. "ही भिंत बघितलीत? लग्न होऊन आले तेव्हा हिला नवा रंग दिला होता. मग तो उडाला, मग पुन्हा दिला, तोही उडाला. तुम्ही रोज येऊन सांगायचात, अमुकांच्या घरात झुंबर आहे, तमुकांनी जिन्यात कुंड्या ठेवल्यात. मी ऐकायची, आणि पुन्हा इथंच. घड्याळवाल्याच्या दुकानाला सबंध काचेचं दार आहे. रस्ता दिसतो. माणसं जातायेताना दिसतात. मला तिथं जायला दोन वळणं चालावं लागेल."

"दोन वळणं," भिंगरीराव म्हणाले.

"हो. रोज."

 भिंगरीरावांनी उशी बाजूला ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. ओळ मध्यात होती. टाचणी लावली नव्हती.

ते कुठं गेले म्हणाल, तर सगळीकडे. जुन्या फेरीवर. बेकरीच्या मागची गल्ली, शाळेची मागची भिंत, छापखान्याचा बोळ. प्रत्येक दारात त्यांची पावलं आपोआप मंदावत, आणि प्रत्येक दारावर काळी, चकाकती, शहाणी नवी पेटी बसलेली असे, जिला कुणाशी काही बोलायचं नव्हतं. एका दारातून एक म्हातारी डोकावली. "अगबाई, मीटरवाले! बऱ्याच दिवसांनी. काही काम होतं?" ते म्हणाले, "नाही, सहजच." ती म्हणाली, "बसा ना." आणि आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या दारात बसले, कारण डाव्या तळव्यात खिळा ठोकल्यासारखी कळ आली होती. म्हातारीनं पाणी दिलं आणि आपल्या गुडघ्यांची सगळी हकीकत सांगितली. इतकी वर्षं आपण "बसा ना" ऐकायच्या आत निघायचो ते किती शहाणपणाचं होतं, असं त्यांना तेवढ्यापुरतं वाटलं.

लंगडत घरी आले तेव्हा बायको स्वयंपाकघरात होती. उशीवर आक्कांनी दिलेलं स्वच्छ कापड पांघरलेलं होतं. त्यांनी ते उचललं. दांड्या पसरलेल्या नव्हत्या. डावीकडच्या डावीकडे, उजवीकडच्या उजवीकडे, नीट जमवून ठेवलेल्या. आणि जिथं ते ओळ सोडून गेले होते, तिथं एक टाचणी लावलेली होती. मशीनवर वापरायची, लाल डोक्याची.

"मला काही कळत नाही त्यातलं," आतून आवाज आला. "पण टाचणी लावून उठायचं असतं ना?"

"हो," ते म्हणाले.

टाचणी चुकीच्या भोकात होती. शिवाय दांड्या जमवताना दोन जोड्यांची अदलाबदल झाली होती. भिंगरीरावांना दोन ओळी उसवाव्या लागल्या. त्यांनी त्या उसवल्या, आणि त्याबद्दल तिला अवाक्षर सांगितलं नाही. ज्या माणसानं तिसऱ्या मजल्यावरच्या फ्रिजबद्दलही कधी मौन पाळलं नव्हतं, त्याच्या हिशेबी ही गोष्ट लहान नव्हती. लाल टाचणी मात्र त्यांनी पेटीत परत टाकली नाही. ती त्यांनी उशीच्या कडेला खोचून ठेवली.

मशीन हलवायला आक्का आल्या आणि त्यांनी हुकूम सोडले. हातगाडीवाल्यानं मशीन बांधलं. भिंगरीरावांना काही उचलू न देण्याचा ठराव दोघी बहिणींनी आधीच पास केला होता. त्यांच्या हातात रिळांची पेटी देण्यात आली, आणि ती त्यांनी रंगाप्रमाणे न लावता पोचवली. दुकानात शिरताच त्यांची नजर भिंतीवर गेली. तिथं जुना मीटर होता. चाकाचा, काळ्या आकड्यांचा. कंपनीची माणसं इथवर पोचलीच नव्हती. भिंगरीरावांनी खिशातून निरोपाची बॅटरी काढली, भर दिवसा ती पेटवली, आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"लिहून घेऊ का?" बायकोनं विचारलं.

"नको. उद्या येऊन पुन्हा बघतो."

"रोज या. पण काम झालं की निघायचं हं, पूर्वीसारखं."

आक्का म्हणाल्या, "आणि आत शिरायच्या आधी दार वाजवा. शिवणाऱ्या बाईच्या पाठीमागून बोलणारा नवरा काय करतो, ते मी डॉक्टरांच्या कोटावर एकदा बघितलंय."

त्यानंतरचे दिवस फार शांत गेले असं म्हणता येणार नाही. खिडकीजवळची जागा रिकामी होती आणि फरशीवर मशीनच्या पायांचे चार फिकट चौकोन उमटलेले होते. भिंगरीरावांनी आपली खुर्ची त्या चौकोनांवर नेऊन ठेवली, मग परत मागे घेतली, मग पुन्हा पुढे. पिवळी भिंत आता त्यांच्या वाट्याला आली होती. पोपडे कुठून उडालेत ते बघत ते लेस करत. गुडघा हलायचा. कान जिन्याकडे. दुपारपर्यंत ओळींमागून ओळी, आणि मग टाचणी लावून, उशीवर कापड टाकून, दोन वळणं. काचेच्या दारावर टकटक. "मीटर!" आत शिरायचं, आकडा बघायचा, तिनं "बसा ना" म्हणावं म्हणून थोडं रेंगाळायचं. ती बहुधा म्हणत नसे, गिऱ्हाइकं असत. काचेच्या दारामुळे गिऱ्हाइकं वाढली होती, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्या सगळ्यांना नावानिशी ओळखू लागली होती. भिंगरीरावांना आता तिच्याकडून बातम्या कळत.

पट्टी पुरी झाली. आक्कांनी ती उलटून पालटून पाहिली, कड बोटानं चाचपली, आणि "हं" म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली काम केलेल्या कुठल्याही सर्जनला एवढी शाबासकी मिळाली नव्हती. बायकोनं काचेच्या दाराला खालच्या अर्ध्या भागात पांढरा पडदा केला आणि ती लेस त्याच्या वरच्या काठाला शिवली, म्हणजे तिला पडद्यावरून रस्ता दिसे आणि रस्त्यावरच्यांना तिचे खांदे.

त्या संध्याकाळी तिनं दुकान बंद केलं तेव्हा भिंगरीराव दाराशी उभे होते. आकडा बघून झाला होता.

"चला," ती म्हणाली. "आज छापखान्याच्या बोळातून जाऊ."

"अगं, ते केवढं लांब पडतं!"

"तुम्हीच सांगायचात, तिथल्या जिन्यात कुंड्या आहेत म्हणून. मी कुठं बघितल्यात?"

कुंड्या होत्या. तिनं प्रत्येकीपाशी थांबून पाहिलं. मग शाळेची मागची भिंत, मग बेकरीच्या मागची गल्ली. भिंगरीराव सांगत होते, या घरात मीटर माळ्यावर, त्या घरात कुत्रा. ती पुढे, ते अर्धं पाऊल मागे, मग एक पाऊल, मग दोन. तळव्यात खिळा बसायला लागला होता. घरी उशीवर नवं कार्ड लावलेलं होतं, पंख्याच्या आकाराचं, आणि आक्कांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात फिरती जोडी दर ओळीला आणखी लांब जायची. त्यांना आता घरी जायचं होतं.

"आता वळूया का?"

"ते पुढे काय आहे, दिवे दिसतायत ते?"

"काही नाही. पाण्याची टाकी आणि तिचा चौकीदार. मीटर दाराच्या डाव्या हाताला."

"मी बघून येते." रस्त्याकडेला सिमेंटचं एक बाक होतं. तिनं त्याच्यावरची धूळ पदरानं झटकली. "तुम्ही बसा इथं. उठू नका हं, मी आलेच."

ते बसले. ती निघाली. तिची चाल इतकी भराभर असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. चालताना तिला त्यांनी कधी फारसं पाहिलंच नव्हतं. दिव्याखालून गेली, अंधारात गेली, पुढच्या दिव्याखाली पुन्हा दिसली. भिंगरीरावांनी मान लांब करून पाहिलं, मग उठायला म्हणून हात बाकावर टेकले, आणि तसेच बसून राहिले. बोटं बाकाच्या काठावर चालू होती. ओलांडणी, पीळ, ओलांडणी. शर्टाच्या खिशाच्या काठाला, घरून निघताना उशीवरून काढून खोचलेली, लाल डोक्याची टाचणी होती. ती त्यांनी एकदा काढली आणि त्याच जागी परत लावली.

टाकीपाशी ती वळली नाही. आणखी पुढे गेली.